वळणावरचा वरवंटा

अवं धाकटे, उजेडाजवळ सरक अन् चष्मा लावून वाच. तीनदा फोन केला तुनं, तीनही वेळा कुत्र्याचीच चौकशी. सख्ख्या बहिणीचे गुडघे कसे आहेत, हे काऊन नाई विचारलं? अन् माझा वरवंटा अजून तुझ्याच घरी! पाटा ट्रकात चढला, वरवंटा तू मसाला वाटाले नेला होता तो भद्रावतीलेच राह्यला. पुढचं सारं त्याच्यापायी झालं, म्हणून तुलेच सांगते.

घर हलवलं त्या दिवशी आमचं सामान घेऊन पोरगा पुढे सिरोंच्याले गेला. मागून भाड्याच्या जीपमध्ये मी, सून, सहा वर्षांची नात, तीन वर्षांचा नातू अन् ते भित्रं कुत्रं. त्याचं तुले ठाऊकच आहे. भद्रावतीले दुपारी खाणीत ब्लास्टिंग व्हायच्या आधीच ते खाटेखाली घुसे. त्याले पाहून आमी फळीवरचे भांडे आत सरकवू, पोट्टे कानावर हात ठेवत.

आलापल्लीच्या पुढे सागाचं जंगल लागलं. उन्हाळ्याचे दिवस, झाडाले पान नाई, किडे किर्र करून राह्यले होते. एकाएकी कुत्रं माझ्या पायापाशी सीटखाली शिरलं अन् थरथराले लागलं. मी घड्याळ पाह्यलं. ब्लास्टिंगचीच वेळ. नातवानं कान झाकले. आता इतक्या दूर कुठली खाण? पण सवय बाई, आमी सारेच दम धरून बसलो.

काहीच वाजलं नाई. उलट ते किडे एका दमात गप झाले.

तेवढ्यात ड्रायव्हरनं एका वळणावर गाडी थांबवली. इंजिनात पाणी टाकाचं होतं. मी पाय मोकळे कराले उतरली. कडेले दगडांचा मोठा ढीग. आपल्या भद्रावतीले रस्त्याकडचा ढीग म्हणजे ठेकेदाराचा, ज्याले लागंल त्यानं दोन दगड न्यावे. त्यात एक लांबट, गुळगुळीत दगड दिसला. हातात असा बसला, जसा माझ्यासाठीच घडवला. टाकला पिशवीत.

मंग ड्रायव्हर आला. एक दगड उचलून त्यानं हळूच ढिगावर ठेवला, हात जोडले. मी समजली, हा ढीग ठेकेदाराचा नाई, वाटेवरच्या देवाचा. पण सुनेसमोर तोंड कसं उघडाचं? गुपचूप जाऊन बसली.

कुत्रं मात्र पट्ट्यातून मान काढून पळालं. दूर नाई गेलं. ढिगासमोर बसलं अन् झाडांकडे पाहून गुरगुराले लागलं. तिथी कोणी नव्हतं. बोलावलं की दारापर्यंत येई, माझी पिशवी हुंगे अन् शेपूट घालून मागं सरके. अर्धा घंटा गेला.

"बाई, कुत्र्याले राहू द्या," ड्रायव्हर म्हणाला. "इथी जास्त थांबाचं नाई."

नात खाली उतरली. "तो नाई तं मी पण नाई."

"तुले वाघ नेईल तं?" सून ओरडली.

"मंग दोघाले नेईल."

ड्रायव्हरनं तिच्याकडे पाह्यलं. "बेटा, इथलं काही उचललं काय तू?"

सुनेनं पोरीचे खिसे चाचपले. पोरगी माझ्याकडे पाहून रडाले लागली. तेव्हा मले राहवलं नाई. "तिले सोड वं," म्हटलं. "चोर मी आहे."

सून म्हणाली, "आत्याबाई, तुमी?" बस, एवढंच. चार शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

दगड घेऊन एकटीच गेली. उन्हानं बाकीचे दगड चटके देऊन राह्यले होते. पण जिथून तो काढला होता तो खळगा उघडाच, अन् हात घातला तं गार, माठाच्या बुडासारखा. दगड ठेवला. "चुकली," म्हटलं. कोणाले म्हटलं, ठाऊक नाई.

तेव्हा दुरून, जमिनीच्या खालून, धप्प झालं. एकदाच. पायाच्या तळव्याले लागलं. मागं नातवानं कानावरचे हात काढले अन् म्हणाला, "झालं." किडे पुन्हा किर्र कराले लागले. कुत्रं उठलं, आंग झटकलं, आपल्या पायानं जीपमध्ये जाऊन बसलं.

"इकडे खाण आहे काय भाऊ?" मी ड्रायव्हरले विचारलं.

"नाई बाई," तो म्हणाला, अन् गाडी चालू केली.

तं कुत्रं बरं आहे. आता ते खाटेखाली घुसत नाई. रोज त्याच वेळी दारात जाऊन जंगलाच्या रस्त्याकडे तोंड करून बसते. नातही त्याच्याजवळ बसते. मी चटणी मिक्सरात फिरवते, तिले चव नाई.

लवकर ये वं. वरवंटा आण. अन् आपल्या आंगणातला एक दगडही आण, त्या वळणावर माझ्या नावानं ठेव.