अण्णांच्या गिऱ्हाइकांमागं धावताना

अण्णा गिऱ्हाइकाला पळवल्याशिवाय बूट विकत नसत. खेळाच्या सामानाचं त्यांचं दुकान इतकं अरुंद, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरावं लागे. म्हणून पळायचं ते बाहेर, रस्त्यावर. "पावणं, बूट डोळ्यानं घ्यायचा न्हाय. कोपऱ्यापर्यंत पळून दावा," म्हणत ते स्वतः लेस बांधून देत. पोलीस भरतीची पोरं पळत, तालमीच्या फुटबॉल संघातली पळत. एकदा पोट सुटलेले एक वकीलही पळाले.

आणि सगळ्यांच्या मागं मी! नवे बूट घालून कुणी तसाच पसार होऊ नये म्हणून पंच्याण्णव साली अण्णांनी मला कामावर ठेवलं. पस्तिशीची बाई पदर खोचून, चपला फटाफट वाजवत भर रस्त्यात धावतेय, हे ऐकून माझी नातवंडं पोट धरून हसतात. उचगावचा एक जण खरंच पसार झाला. मी चौकापर्यंत त्याच्यामागं गेले आणि स्वतःचीच एक चप्पल हरवून परत आले. अण्णा रागावले नाहीत. शेल्फवरचा कॅनव्हासचा जोड काढून माझ्यापुढं ठेवला. "घाल. अर्धं दुकान तुझ्याच पायावर चाललंय की, शालन!" त्या एका वाक्यावर मी बारा वर्षं धावले. एवढ्या स्वस्तात कुठला घोडाही पळत नसेल.

मग शहरात मॉल आला. तिथल्या एका शोरूमनं मला बोलावलं. पगार जास्त, वर एसीचा गारवा. अण्णा म्हणाले, "तू गेलीस तर मी शटर ओढतो बघ." मी नकार कळवला आणि घरी नवऱ्याला ऐकवलं, "अण्णांना सोडून जाणाऱ्यातली मी नव्हे." केवढा तो माझा तोरा!

वर्षभरात शटर त्यांनीच ओढलं. पुण्याच्या जावयानं त्याच मॉलमध्ये गाळा घेतला होता. "माल तिकडं न्यायचा हाय, खोकी भरून ठेव," अण्णा म्हणाले. मी एकेका खोक्यावर सुवाच्य अक्षरात माप लिहिलं. माल जाणार म्हणजे मीही जाणार. त्यात विचारायचं काय?

उद्घाटनाला नवी साडी नेसून गेले. सरकत्या जिन्यावर दोनदा पाय टाकला, दोनदा मागं घेतला, शेवटी साध्या जिन्यानं धापा टाकत वर पोचले. एकसारख्या टीशर्टमधली चार पोरं-पोरी तिथं आधीच उभी होती.

जावयानं विचारलं, "अण्णा, या कोण?"

अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्या पोरांकडं. "आमचं जुनं गिऱ्हाईक हाय," म्हणाले. "बसा की, बाई. थंड घेणार?"

बारा वर्षांत ते मला पहिल्यांदाच अहो-जाहो करत होते.

आजची मी असते तर जावयासमोर त्यांची सालटी काढली असती. तेव्हाची ती शहाणी मात्र अण्णांचा शब्द खोटा पडू नये म्हणून काउंटरवर गेली. पायमोज्यांचा एक जोड घेतला, पैसे दिले, पावती मागून घेतली आणि "छान मांडलंय हो दुकान," म्हणून खाली उतरली.