टाळीचं वाक्य

सेटवर त्याला सगळे बाबा म्हणत. मेकअपमन, लाइटवाले, पडद्यावरची त्याची चारही मुलं, झाडून सगळे. सिरियलींत बाप आणि सिनेमांत डॉक्टर, ही त्याची उतारवयातली रोजीरोटी. "सॉरी, आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही," हे वाक्य त्याने चौदा सिनेमांत म्हटलं होतं आणि एकही पेशंट वाचवला नव्हता.

तरुणपणी मात्र तो रंगमंचावरचा नायक होता, आणि चांगला होता, हे नाकारून चालणार नाही. खोड एकच. वाचून पाठ व्हायचं नाही, ऐकून व्हायचं. म्हणून बायको भाजी चिरता चिरता समोरच्या सगळ्यांची वाक्यं म्हणायची. सासरा तीच, वकील तीच, नायिकाही तीच. भाजी फोडणीला पडेपर्यंत एक प्रवेश पक्का. पाठांतर दोघांचं, नाव एकट्याचं.

मग सिरियल आली. तिथे वाक्यं सेटवरच कोणीतरी वाचून दाखवायचं, बायकोची गरज उरली नाही. शिवाय तिथे पडद्यावरची बायको होती. तिच्याशी आठ महिने काय चाललं होतं ते अख्ख्या युनिटला ठाऊक होतं. घरी कळायला उशीर झाला, एवढंच.

एका दुपारी बायको बॅग घेऊन दारात उभी राहिली. मुलगी आधीच खाली गाडीत जाऊन बसली होती.

"मी निघाले," बायको म्हणाली.

आता, त्याच्या सगळ्यात गाजलेल्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायिका नेमकं हेच म्हणते, आणि नायक पेपरातून मान वर न करता म्हणतो, "दार लावून घे." टाळीचं वाक्य. तीनशे प्रयोग झालेले, जिभेला सवय लागलेली.

"दार लावून घे," तो म्हणाला.

बायकोने वाक्य ओळखलं. ओळखणारच, तिनेच तर पाठ करून घेतलं होतं. ती दार नीट लावून गेली. भांडली असती तरी परवडलं असतं.

संध्याकाळी त्याच नाटकाचा प्रयोग होता. त्याने तेच वाक्य म्हटलं, टाळी पडली. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल बधिर होतो तसा तो आतून झाला होता. फरक इतकाच, की ह्या सुईचा अंमल उतरला नाही. पडद्यावरची बायको पुढे दुसऱ्या सिरियलमध्ये गेली, त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

ह्याला अकरा वर्षं झाली. परवा सकाळी मुलगी आली. लहानपणी अरे-तुरे करायची, आता अहो-जाहो.

"मला परदेशात नोकरी लागलीय, बाबा. आईलाही नेतेय. परत येणं काही नक्की नाही."

"बरं."

"बरं काय? आईला काही सांगायचं असेल तर सांगा. एकच वाक्य, पण तुमचं स्वतःचं. मी पोचवते."

तो शोधू लागला. माफी मागणारे नवरे, रडणारे नवरे, पाय धरणारे नवरे, सगळे डोक्यात रांग लावून उभे राहिले. सगळी वाक्यं लेखकांची. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? आता सुचलं नाही तर पुन्हा कोणी विचारायला येणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. त्याने चहा केला. मग पुन्हा केला. मुलीने दोन्ही वेळा घेतला, घड्याळ बघितलं आणि उठली.

"मी निघते," दारात वळून ती म्हणाली.

वाक्य जिभेवर आलंच. त्याने दात आवळले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला कशाची तरी भीती वाटली.

"अजून चहा घेतेस?"

"दोनदा झाला की, बाबा." ती बाहेर जाऊन सवयीने दार ओढू लागली.

"नको," तो म्हणाला. "नको लावूस. राहू दे उघडं."

तिचा हात कडीवरच राहिला. नाटक तिलाही तोंडपाठ होतं, त्यात हे वाक्य नव्हतं.

"हे सांगू आईला?"

त्याने होकारार्थी मान हलवली. ती जिना उतरून गेली.

संध्याकाळी शेजारीण डोकावली. "अहो, दार उघडं राहिलंय तुमचं."

"माहीत आहे," तो म्हणाला.