तळलेला बेक

मैद्याचा थापलेला गोळा कढईत तळाला जातो, जरा रुसून बसतो, मग आपसूक वर येऊन फुगतो. झाऱ्याने उगाच दाबला, तर बसतो तो बसतोच. बोटीवर कामाला होतो, तेव्हा त्रिनिदादच्या एका आचाऱ्याने मला हा न्याहारीचा बेक शिकवला. आमची ही म्हणायची, "तळता आणि बेक कसलं म्हणता? आचारी खोटारडा तुमचा." असं म्हणून चार खायची.

ती जाऊन दोन महिने झाले. येईल तो मला दाबतोय. रडा म्हणे, मोकळे व्हा म्हणे. अरे, रडू माझं आहे, यायचं तेव्हा येईल.

काल मुलगी सुनंदा मला न्यायलाच आली. "बाबा, एकटे काय खाल?" आज सकाळी तिच्यापुढे नारळाच्या दुधात मळलेले गरम बेक आणि खारा बांगडा ठेवला. म्हटलं, "हे खाईन."

तिसरा बेक मोडताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी आले की मला शिकवा."

म्हणजे मी माझ्या घरीच राहणार. मी पुढचा घाणा तेलात सोडला.