तळघराकडची वायर

वायरवाल्या ताईंचं काम म्हणजे ऑफिसांमधले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे नेटवर्कचे जुने डबे काढायचे आणि नवे लावायचे. धाकटा भाऊही याच धंद्यातला. त्याला सगळे बडबड्या म्हणत, आणि ताई तरी कुठे कमी होत्या! दोघं एकदम बोलायला लागायची, एकदम थांबायची, की पुन्हा एकदम सुरू. आई कपाळाला हात लावायची.

गेल्या वर्षी आईला कोणी सांभाळायचं यावरून फोनवर दोघांची जुंपली. दोघंही एकाच वेळी ओरडली आणि फोन आपटून मोकळी झाली. त्याच संध्याकाळी भाऊ अपघातात गेला. शेवटचं तो काय ओरडला, ते ताईंना कळलंच नाही. त्या एका वाक्यापायी त्यांची झोप उडाली होती.

आणि आता नेमकं भावाच्याच ऑफिसचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. जुन्या डब्यात दोनच वायरी उरल्या होत्या. एक कारकून बाईंच्या कॉम्प्युटरची, दुसरी खाली तळघरात भावाच्या खोलीत जाणारी. डब्यावरचा लाल दिवा सारखा लुकलुकत होता.

"त्याचं रोजचंच आहे हो," बाई म्हणाल्या.

ताईंनी डबा पुन्हा निरखून पाहिला. असल्या जुन्या डब्यात सगळ्या कॉम्प्युटरांना मिळून एकच वाट. दोघं एकदम बोलले की टक्कर होते, दोघांचेही निरोप फुकट जातात आणि लाल दिवा लागतो. पण टकरीला दोघं लागतात ना! तळघरातला कॉम्प्युटर तर केव्हाच भंगारात गेला होता. उंदरांनी वायर कुरतडली असेल, असं पुटपुटत त्या खाली जाऊन आल्या. वायर धडधाकट होती. तिचं टोक रिकाम्या टेबलावर नुसतंच पडलं होतं.

ताईंनी नवा डबा लावला आणि दोन्ही वायरी त्यात खोचल्या. यात ज्याची त्याची वायर स्वतंत्र, जायची वाट वेगळी, यायची वेगळी. टक्कर व्हायचा प्रश्नच नाही. बाई चहाला गेल्या तशी ताईंनी आपला लॅपटॉप जोडला आणि तळघराकडे लिहून पाठवलं, "त्या दिवशी काय म्हणत होतास रे?"

तळघराच्या वायरीचा हिरवा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं उमटली.

"म्हणत होतो, आईला मी नेतो. आणि ताई, तू काय म्हणत होतीस गं? मला ऐकूच आलं नाही."

ताईंनी पदर तोंडात कोंबला. त्या म्हणाल्या होत्या, "तू मेलास तरी मी यायची नाही."