कंट्रोलरकाकांचा आगाऊ कर

माझ्या नावापुढे आज जी पदवी आहे आणि त्या पदवीवर जी भाकरी मिळते, तिचं सगळ्यात मोठं ऋण आहे ते पोलादपूर एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरकाकांचं. नफा झाला की तोंड पाडणारा आणि कर भरला की पेढे वाटणारा माणूस साऱ्या रायगड जिल्ह्यात दुसरा झाला नाही. महाडच्या बाजारपेठेत बसून रोज चार लोकांचे कराचे कागद चाळणारा मी हे छातीवर हात ठेवून सांगू शकतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण खुर्चीत बसण्याआधीच "काहीतरी कमी करा हो" म्हणतो. काका तेवढे वेगळे. त्यांचं पहिलं वाक्य असायचं, "कमी तर नाय ना धरलास?"

माझी त्यांची गाठ पडली ती मी अकरावीला असताना. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. वाडीतून कॉमर्सला जाणारा मी पहिलाच. महाडहून कॉलेज सुटल्यावर पोलादपूरला यायचो आणि वाडीकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या मुक्कामी गाडीची वाट बघत बाकावर पुस्तक उघडून बसायचो. तिसऱ्या दिवशी चौकशीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि मला बोलावू लागला. आत गेलो. काकांनी टेबलावरचे वेळापत्रकाचे कागद एका बाजूला सारले, स्टूल पुढे केलं आणि विचारलं, "काय शिकतोस रे?" मी म्हणालो, "अकरावी कॉमर्स." ते म्हणाले, "म्हणजे बीकॉम होणार. बस, बीकॉम." त्या दिवसापासून मी बीकॉम. पदवी हातात पडायला अजून पाच वर्षं होती, पण स्टँडवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांपासून चहावाल्यापर्यंत सगळे मला त्याच नावाने हाक मारू लागले. आता नापास होण्याची सोयच उरली नव्हती.

काकांचं अर्धं आयुष्य आंबेनळी घाटातून उतरणाऱ्या गाड्यांची वेळ सांगण्यात गेलं होतं, आणि त्या घाटाने त्यांच्या डोक्यात कायमचं घर केलं होतं. महाबळेश्वरहून गाडी निघाल्याचा फोन आला की हिशेब करायचे, वर "घाटाचे दहा" मिनिटं मिळवायचे आणि मग भोंग्यावरून सांगायचे, "गाडी घाटात आहे. घाटात असलेली गाडी स्टँडवर आहे, असं कुणी समजू नये!" गाडी पाच मिनिटं आधी आली की प्रवासी खूश आणि काका त्याहून खूश. हे घाटाचे दहा ते घरीही मिळवत. काकूंनी विचारलं, जेवायला कधी येताय, तर "सव्वाआठ आणि घाटाचे दहा." लग्नाला पन्नास माणसं येणार म्हटलं, तर साठांचा भात. एकदा काकूंनी डॉक्टरांना ताप एकशे एक सांगितला, तर पलंगावर पडल्या पडल्या काका म्हणाले, "घाटाचा धर आणि एकशे दोन सांग." काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, तापाला कुठला घाट?"

शेअर घ्यायचं वेडही त्यांना त्या खिडकीनेच लावलं. खिडकीसमोरून मुंबई-गोवा हायवे. ज्या कंपनीच्या ट्रकांचे टायर जाताना दबलेले आणि परतताना मोकळे, ती कंपनी चांगली, हा त्यांचा अभ्यास. टीव्हीवरच्या तज्ज्ञांवर त्यांचा विश्वास नव्हता. "त्यांना कागद दिसतो, मला टायर दिसतो," असं म्हणायचे. पगारातले थोडे पैसे बाजूला काढून ते महाडच्या एका दलालाकडे चेक द्यायचे आणि आपल्या हिरव्या वहीत तारीख टिपायचे. भाव वाढला म्हणून कुणी अभिनंदन केलं तर चिडत. "गाडी अजून घाटात हाय," एवढंच बोलत. विकून पैसे खात्यात येईपर्यंत नफा हा शब्द घरात उच्चारायची बंदी होती. त्यांचा मेहुणा हिरकणीवाडीला रायगडाच्या पायथ्याशी झुणका-भाकरीची टपरी चालवायचा. तो एकदा म्हणाला, "दाजी, तुमचा शेअर रोपवेसारखा सरळ वर चाललाय!" काका शांतपणे म्हणाले, "रोपवे वर जाऊन तिथं राहत नाय रे. माणसं घेऊन खाली पण येतो."

विकलं की मात्र पहिलं काम कराचा अंदाज. वहीचं पान उघडायचं, घेतल्याची किंमत, विकल्याची किंमत, मधला नफा, त्यावरचा कर, आणि त्यावर घाटाचे. मग चलन घेऊन आपल्या जिवापाड जपलेल्या सायकलवरून बँकेत. एवढ्याशा रकमेला आगाऊ कर भरायची सक्ती नाही, असं बँकेतल्या साहेबांनी समजावलं, तर म्हणाले, "साहेब, गाडी सुटायच्या वेळेला स्टँडवर येणारा प्रवासी मला आवडत नाय." चलनावर शिक्का पडला की थेट मिठाईचं दुकान. पंधरा मार्चला, म्हणजे आगाऊ कराच्या शेवटच्या हप्त्याच्या दिवशी, पोलादपूर स्टँडवर उतरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरच्या हातावर पेढा पडायचा. काकू म्हणायच्या, "लोकांकडे पैसा आला की पेढे येतात. आमच्याकडे पैसा गेला की!" दुसऱ्या वर्षी जास्त भरलेल्यातले थोडे पैसे सरकारकडून परत येत. तेव्हा काका दोन दिवस खट्टू. "अंदाज चुकला रे बीकॉम. माणसाचा अंदाज एवढा चुकू नये."

मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला असताना माझे वडील मुंबईत ज्या कँटीनमध्ये होते, ते बंद पडलं. मला पुण्याला एमकॉमला जायचं होतं, आणि ते आता होणार नाही हे मी मनाशी धरून टाकलं होतं. काकांना मी काहीच बोललो नव्हतो. पण स्टँडवर कुठली गोष्ट लपत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी हिरवी वही माझ्यापुढे टाकली. "यातले हे विकतोय. तुझी फी आणि वसतिगृह. आता तू शिकलेला. कर किती बसेल सांग." मी बाहीने डोळे पुसले. ते म्हणाले, "रडायचं नंतर. आधी कर." तो माझ्या आयुष्यातला पहिला कराचा अंदाज. मी वहीतल्या तारखा पाहिल्या. हे सगळे शेअर एकदमच घेतलेले, आणि त्याला नुकतंच वर्ष उलटून गेलेलं. त्या वेळच्या नियमाने वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरवरच्या एवढ्या नफ्याला करच नव्हता. वर्षाच्या आत विकले तर मात्र चांगलाच बसला असता. मी दोन्ही नियम समजावून ऐटीत सांगितलं, "काका, कर शून्य!" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शून्य मिनिटांत गाडी येत नाय रे," ते म्हणाले आणि वही मिटली. मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

जूनमध्ये मी पुण्याला गेलो. फी भरली, वसतिगृहाचे पैसे भरले. जुलैत काकांचं विवरणपत्र भरायचं म्हणून शनिवारी महाडला उतरलो आणि दलालाकडून सौद्यांच्या पावत्या घेतल्या. पावती आणि वही शेजारी ठेवून बघतो, तर वहीतली प्रत्येक तारीख पावतीच्या चार-पाच दिवस आधीची! मग डोक्यात प्रकाश पडला. काका एसटीतले. मुक्कामी गाडी सकाळी परत आली तरी नोंद आदल्या दिवसाची, गाडी सुटली त्या दिवसाची. त्याच सवयीने त्यांनी दलालाच्या हातात चेक ठेवला तो दिवस लिहिला होता. शेअर प्रत्यक्षात घेतले गेले ते चेक वटल्यावर. कायद्याला लागते ती पावतीवरची तारीख. आणि त्या तारखेने विकलेल्या शेअरांचं वर्ष पुरं व्हायला तीन दिवस कमी होते. म्हणजे शून्य नव्हे, चांगला भरघोस कर. तीन दिवस थांबा, एवढंच सांगण्यासाठी त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी शून्य म्हणून मोकळा झालो होतो. त्यांच्याकडे पैसे उरले नव्हते. ते पैसे तर माझ्या वसतिगृहाच्या खोलीत झोपत होते.

महाड ते पोलादपूर हा प्रवास त्या दिवशी मला काश्मीरएवढा लांब वाटला. पुण्याची खोली सोडायची, फी जमेल तेवढी परत मागायची, इथपर्यंत मी ठरवून टाकलं. काका ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आतून काकू म्हणाल्या, "आधी पाणी तरी पी रे बाबा." काका उठले, देवळीतून हिरवी वही काढली आणि मागच्या पानात घडी घालून ठेवलेलं चलन माझ्या हातात दिलं. पंधरा मार्चचा शिक्का. वर्षाच्या आतल्या दराने भरलेला पुरेपूर कर, वर घाटाचे. मी कर शून्य सांगितल्यावर आठ-दहा दिवसांत त्यांनी तो भरून टाकला होता.

"पैसे कुठून आणलेत?" मी विचारलं.

"सायकलला गिऱ्हाईक आलं. बाकीचे पगारातले," काका म्हणाले.

"वीस वर्षं त्या सायकलला कुणाला हात लावू दिला नव्हता," काकू आतून म्हणाल्या.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता तुमचा," मी कसाबसा म्हणालो. काकांनी सुपारीचं खांड माझ्या तळहातावर ठेवलं. "येडा हायस का रे? तू चुकशील म्हणून नाय भरले. मधे घाट हाय म्हणून भरले."

पुढे एमकॉम झालो, पुण्यात एका कार्यालयात काम शिकलो आणि महाडला परत येऊन स्वतःचं दुकान थाटलं. भिंतीवर पदवीची चौकट आहे, शेजारी त्या चलनाची झेरॉक्स. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय? मी म्हणतो, माझं प्रमाणपत्र. काका निवृत्त झाले. काकू गेल्यावर ते मुलीकडे नाशिकला राहायला गेले. आता त्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही. मुलगी वाचून दाखवते. स्टँडवर पंधरा मार्चला पेढे वाटत नाहीत. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला: "बीकॉम, उरलेलं सगळं विकून टाकायचं म्हणतो. हिरवी वही बंद करू. कर किती बसेल ते कळव." आवाज बारीक झाला होता. मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि त्यांच्या सगळ्या पावत्या काढून बसलो. मग त्यांना हे पत्र लिहिलं.

तीर्थरूप काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या सगळ्या शेअरांचा हिशेब सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. ताईंना सावकाश वाचायला सांगा. तारखा वहीतल्या नाहीत, पावत्यांवरच्या आहेत. प्रत्येक पावती दोनदा पाहिली. सगळ्यांना वर्ष उलटून गेलं आहे.

सगळे एकदम विकू नयेत. वर्षाला ठरावीक नफ्यापर्यंत कर बसत नाही. तेव्हा निम्मे या महिन्यात आणि निम्मे एप्रिलमध्ये, नवं आर्थिक वर्ष लागल्यावर, विकावेत. एकाच गाडीत माणसं कोंबण्यापेक्षा दोन फेऱ्या बऱ्या. ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ कराची सक्ती नाही, हे मी दर वर्षी सांगतो आणि तुम्ही दर वर्षी भरता. म्हणून कागदावर शेवटी घाटाचेही धरले आहेत.

एक विनंती आहे. एक शेअर विकू नका. कुठलाही चालेल, अगदी स्वस्तातला. तो घाटात असेपर्यंत त्याच्यावर कर नाही, आणि दर मार्चला तुम्हाला पत्र लिहायला मला निमित्त राहील. स्टँडवरच्या पेढ्यांचं या वर्षी मी बघतो.

वही बंद करू नका, काका. एक गाडी अजून यायची आहे.

तुमचा,
बीकॉम