पुढच्या दातातलं सिमेंट

लग्न होऊन केमहून सोलापुरात आले तेव्हा मला बोलायला माणूसच नव्हतं. आमचे हे रेल्वेत, आठवड्यातले चार-पाच दिवस बाहेर. गल्ली सगळी विणकरांची, तेलुगू बोलणारी. आणि मी तर गप्प बसले की आजारी पडणारी. स्टोव्हशी बोलायचे, दुसरं काय करणार.

मग दुपारची मिशरी सापडली. जेवणं उरकली की शेजारच्या पाच-सहा बायका ओट्यावर विड्या वळायला बसायच्या. तंबाखूचा उरलेला चुरा तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, कुटायचा, झाली मिशरी. तिची डबी फिरायची. त्यांच्यातल्या थोरल्या अक्का माझ्या तळहातावर चिमूट ठेवून म्हणायच्या, "लाव, केमवाली. नि बोल की कायतरी. तुझ्या तोंडाला कुलूप शोभत न्हाय." मी असले की त्या आपसांतही मराठीच बोलायच्या. मोडकंतोडकं, पण माझ्यासाठी.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. माझा पुढचा दात किडला, हसले की भोक दिसायचं. ह्यांनी मला नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काचेवर पूड आणि थेंबभर औषध कालवून भोकात भरलं. दाताच्या रंगाचंच सिमेंट ते, आरशात बघितलं तर दात कुठला नि सिमेंट कुठलं कळेना.

"मिशरी आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली.

बंद कशी करणार? मला विड्या वळता येत नव्हत्या. मिशरी सोडली तर ओट्यावर बसायचं काय म्हणून? तेव्हा मी आपली अक्कल चालवली. दुपारी सगळ्यांबरोबर मिशरी लावायची आणि घरात आलं की गोवरीची राख नि मीठ बोटावर घेऊन तेवढाच दात खसाखसा घासायचा, पितळी घासावी तसा.

पाच-सहा महिन्यांत सिमेंट पिवळट झालं, मग कडेनं काळं. जीभ लावली की सहाणेवरून फिरवल्यागत वाटे. काळं दिसलं की मी आणखी जोर लावी. पुढं हिरडी सुजली, रक्त यायला लागलं, तोंडाला वास. हे घरी आले की मी पदर आडवा धरून बोलायची.

परत माडी चढले, ह्या वेळी एकटी.

"कशानं घासता, बाई?"

मी खरं ते सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत.

"हे दाताइतकं कठीण नसतं हो. घासून घासून वरचा गुळगुळीतपणा गेला. आता खरबरीत जागेत अन्न अडकतं, जंतू थर धरून बसतात. तुम्ही घासाल तेवढी त्यांना जागा वाढते."

"आणि राख सोडून नुसती मिशरी लावली तर?"

"मिशरी म्हणजे काय लोणी आहे का?"

जुनं कोरून नवं भरलं. मी ठरवलं, आता पुरे.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर रिकाम्या हातानं बसले. डबी आली, मी नको म्हटलं. "डॉक्टरनं दागिना घातलाय हिच्या दातात," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या, मीही हसले. तिसऱ्या दिवशी डबी माझ्या पुढून गेली, चौथ्या दिवशी पाठीमागून. कुणी रुसलं नव्हतं. पण बोलणं हळूहळू तेलुगूत सरकलं ते तिथंच राहिलं. मी त्यांची तोंडं बघत बसायची. त्या हसल्या की हसायची, जरा उशिरानं.

आठ दिवस काढले. नवव्या दिवशी मीच हात पुढं केला.

अक्कांनी आधी माझ्या दाताकडं बघितलं. "आन् डॉक्टर?"

"डॉक्टर काय इथं बसायला येतोय व्हय, अक्का?"

त्यांनी चिमूट ठेवली. मी ती मागच्या दातांनाच लावायचा प्रयत्न केला, पण बोट कुठं ऐकतंय. ते सिमेंटही टिकलं नाही, शेवटी दात काढावाच लागला. पण हात पुढं केला त्या दुपारी, कुणाच्या तरी जावेनं नळावरची घागर कशी सरकवली, त्यावरून भांडण कसं पेटलं, ते सगळं सांगणं मराठीत चाललं होतं. माझा त्यात काडीचा संबंध नव्हता. मी शब्द न् शब्द ऐकत बसले.