रिदमवाला नवरा

आमचे हे दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात आणि संध्याकाळी बँडमध्ये रिदम गिटार वाजवतात. बँड लोकांच्या आवडीची जुनी गाणी वाजवतो. कधी क्लबात, कधी हॉटेलात. मावशीने एकदा विचारलं, "म्हणजे मधेच पुढे येऊन वाजवतो, सगळे टाळ्या वाजवतात, तो का?" तो नव्हे गं. ते दातांचे डॉक्टर. सरावाचं गॅरेज त्यांचं, स्पीकर त्यांचे, म्हणून बँडही त्यांचाच. आमचे हे मागे, खांबाशेजारी. फोटोत निम्मे येतात.

मला याचा मनस्वी राग येतो. अहो, तीन तास उजवा हात वरखाली, वरखाली, गाणं धरून ठेवायचं ते यांनी, आणि घरी मनगटाला मलम चोळायचं ते मी. ड्रम माझा धाकटा भाऊ वाजवतो. तो डोळे मिटून यांच्या हाताकडे कान लावतो, म्हणून ताल बसतो. हे त्यानेच मला सांगितलं होतं.

यंदा क्लबच्या कार्यक्रमात एका गाण्यातला मधला तुकडा एकट्याने वाजवायला देईन, असा डॉक्टरांनी शब्द दिला. झालं! महिनाभर आमच्या घरात तोच तुकडा. भाजी चिरताना मीही तो गुणगुणायला लागले.

कार्यक्रमात ते गाणं आलं. हे खांबाजवळून दोन पावलं पुढे आले, आणि तेवढ्यात डॉक्टरांनी तोच तुकडा स्वतः वाजवला. वर यांच्याकडे बघून हसले, "राहवलंच नाही हो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे दोन पावलं मागे गेले.

पुढचं गाणं सुरू झालं आणि मला यांचा हात दिसला. तारांवर नुसता ठेवलेला, थांबलेला. बघू दे यांना आपल्यावाचून कसं होतं ते, असा तो हात होता. मनात म्हटलं, शाब्बास! गाणं खरंच डुगडुगलं. गायिका एका ओळीला अडखळली, डॉक्टर तालाच्या पुढे धावले, आणि मग दोघांनी वळून रागाने पाहिलं. यांच्याकडे नाही. माझ्या भावाकडे.

रविवारी दुपारी सरावाला मीही गेले. गॅरेजात टेबलावर एक नवी पेटी होती. बटण दाबलं की ड्रम वाजायचे.

"वाईट वाटून घेऊ नकोस," डॉक्टर माझ्या भावाला म्हणाले. "पण तुझा ताल सुटला परवा. सगळ्यांसमोर शोभा झाली. ही पेटी चुकत नाही."

भावाने एकदाच यांच्याकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं.

यांचा चेहरा पार उतरला. "ताल त्याचा नाही सुटला," हे म्हणाले. "मीच वाजवायचं थांबवलं होतं. मुद्दाम. रागाने."

"कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"अख्खं गाणंभर."

गायिका हसली. "मेहुण्यासाठी माणूस काय काय अंगावर घेतो, नाही?"

मग माझ्याने राहवेना. "खोटं नाही ते! मी समोर बसले होते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

डॉक्टर चिडले नाहीत. शहाण्या माणसाने लहान मुलाची समजूत काढावी तसं म्हणाले, "वहिनी, अहो, एवढं झालं असतं, तर आम्हाला ऐकू आलं नसतं का?"

माझा भाऊ उठून झांजांचे स्टँड उतरवायला लागला होता. हे गिटार खाली ठेवून त्याला मदत करायला गेले, तर तो म्हणाला, "राहू द्या भावजी. तुम्ही वाजवा."